अदृश्य प्रकाशाची छिन्नी

प्रकाशाने पोलाद कापले जाते, ही गोष्ट आता कोणालाच अद्भुत वाटत नाही. कोणत्याही औद्योगिक वसाहतीतून जाताना ‘लेसर कटिंग’ अशी पाटी दिसते. आत पत्र्यावर यंत्राचे तोंड सरसर फिरत असते, आणि थोड्याच वेळात जाळीदार फाटकाची नक्षी कापून बाहेर येते. लेसरचा पहिला झोत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात काढला. प्रयोगशाळेतली ही नवलाई पुढे लोहाराच्या शेजारी येऊन बसली, आणि नवलाईचे अवजार झाले की माणूस तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचे थांबवितो. तरीही एक प्रश्न विचारला जातोच. यंत्र किती वॅटचे? वॅट अधिक तर यंत्र मोठे, आणि यंत्र मोठे तर काम उत्तम, असा आपला हिशेब असतो.

जाड पत्रा कापावयाचा असेल तेथे हा हिशेब बहुतांशी बरोबर आहे. परंतु पदार्थ नाजूक असला, काम केसाच्या जाडीइतके बारीक असले, आणि कामाच्या जागेबाहेर उष्णतेची झळ लागू द्यावयाची नसली, म्हणजे वॅटचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो. पहिला प्रश्न असा की, हा प्रकाश कोणता आहे, आणि समोरचा पदार्थ तो स्वीकारतो का? मध्य-अवरक्त प्रकाश देणाऱ्या फायबर लेसरची सारी कथा या प्रश्नाभोवती फिरते, आणि तीच आज मला आपणांस सांगावयाची आहे.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. त्या न दिसणाऱ्या प्रकाशाला आपण अवरक्त म्हणतो. प्रकाशाची जात ओळखण्याची खूण म्हणजे त्याची तरंगलांबी, आणि ती मोजण्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉनमध्ये सामावतो. त्यापलीकडे अवरक्ताचा विस्तीर्ण मुलूख पसरला आहे. त्यातला मध्य-अवरक्त नेमका कोठे सुरू होतो, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोणी सीमा २ मायक्रॉनवर आखतात, कोणी ३ वर. जमिनीच्या हद्दीचे तंटे ज्याने कागदोपत्री पुष्कळ पाहिले आहेत, त्याला या तंट्याचे नवल वाटत नाही. आजच्या कामापुरते आपण २ ते ४ मायक्रॉनचा पट्टा घेऊ.

कारखान्यांत आज जे लेसर सर्वत्र दिसतात ते मुख्यतः दोन घराण्यांचे आहेत. एक यिटर्बियम या मूलद्रव्याचा फायबर लेसर; त्याची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर, त्याची १०.६ मायक्रॉन. दुसऱ्याचा उल्लेख करताना आपल्याला थोडा अभिमान वाटावा असे कारण आहे. तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधून काढला ते कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. पहिला लेसर धातूचा कसबी, दुसरा लाकूड, कागद, कातडे व ॲक्रिलिक यांचा. या दोन टोकांच्या मध्ये मोठी पोकळी होती, आणि पदार्थांच्या अनेक आवडीनिवडी नेमक्या त्या पोकळीत पडतात.

आवडीनिवडी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. पदार्थाचे रेणू स्तब्ध नसतात. त्यांतील अणू परस्परांशी जणू स्प्रिंगने जोडलेले असून आपापल्या ठरलेल्या गतीने कंप पावतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर लहान मूलही तो उंच नेते. लय चुकवून दिलेला पहिलवानाचा धक्काही फुकट जातो. प्रकाशाच्या तरंगाची लय रेणूच्या लयीशी जुळली की रेणू तो प्रकाश गिळतो आणि पदार्थ तापतो. न जुळली तर प्रकाश आरपार निघून जातो किंवा परततो. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या जोडीची लय सुमारे ३.४ मायक्रॉनवर आहे, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची ३ च्या आसपास. आपली बहुतेक प्लास्टिके पहिल्या जोडीने भरलेली आहेत, आणि पाणी दुसऱ्या जोडीने.

पाण्याचेच उदाहरण घ्या. १ मायक्रॉनचा प्रकाश पाण्यात कित्येक सेंटिमीटर आत शिरतो. १.९४ मायक्रॉनचा प्रकाश मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच बहुतेक संपतो. २.९४ मायक्रॉनचा तर एका मायक्रॉनच्या पातळ थरात गडप होतो. वॅट तेच, पाणी तेच. केवळ तरंगलांबी बदलल्याने एका ठिकाणी सारे भांडे किंचित कोमट होते आणि दुसऱ्या ठिकाणी पृष्ठभागावरचा एक थर क्षणात वाफ होऊन उडतो.

शासकीय सेवेत माझ्या टेबलावरून यंत्रखरेदीच्या ज्या नस्ती जातात, त्यांतील एका प्रकरणाने हा फरक मला फार स्पष्ट दिसला. एका प्रशिक्षण संस्थेने धातूवर उत्तम काम करणारे १ मायक्रॉनचे फायबर यंत्र घेतले होते. पुढे त्याच यंत्रावर पारदर्शक ॲक्रिलिक कापून पाहण्यात आले. ॲक्रिलिकला ओरखडाही उठला नाही. खालच्या धातूच्या पाटावर मात्र सुबक रेघा उमटल्या! प्रकाश ॲक्रिलिकमधून खिडकीतून जावा तसा निघून गेला होता. यंत्रात दोष नव्हता, चालविणाऱ्यात नव्हता. तुलनात्मक तक्त्यात वॅट, किंमत, हमीचा काळ या सर्वांना रकाने होते, तरंगलांबीला रकाना नव्हता. त्यावर जो पत्रव्यवहार झाला त्यात ‘अधिक शक्तीचे यंत्र’ मागण्यात आले होते, हे सांगितले म्हणजे पुरे.

आता फायबर लेसर म्हणजे काय ते पाहू. काचेचा केसासारखा तंतू, त्याच्या मध्यभागी त्याहूनही बारीक गाभा, आणि त्या गाभ्याच्या काचेत एखाद्या विरळ मृत्तिकेचा अल्पसा अंश मिसळलेला. गाभ्याभोवतीच्या आवरणात डायोडचा प्रकाश सोडतात. तो आवरणात इकडून तिकडे आपटत पुढे जाताना पुनःपुन्हा गाभा ओलांडतो आणि तेथील अणूंना ऊर्जा देतो. तंतूच्या टोकांशी आरशांचे काम करणाऱ्या सूक्ष्म रेघा गाभ्यातच कोरलेल्या असतात; त्यांच्यामध्ये येरझारा घालून पुष्ट झालेला प्रकाश एका टोकातून लेसर म्हणून बाहेर पडतो. एलियास स्निट्झर यांनी निओडिमियमयुक्त काचेपासून लेसर १९६१ मध्येच मिळविला होता. पण तंतूतून मोठी शक्ती काढणे पुढे चांगले डायोड व दुहेरी आवरणाचे तंतू आल्यावरच साधले. या रचनेत आरसे जुळवीत बसावे लागत नाही, धूळ आत जात नाही, आणि किरण तंतूतूनच थेट कामाच्या जागी नेता येतो. वायूच्या लेसरला ही सोय नाही, कारण १०.६ मायक्रॉनचा प्रकाश साध्या काचतंतूतून जातच नाही.

गाभ्यात कोणते मूलद्रव्य मिसळावे यावर तरंगलांबी ठरते. थुलियम घातले तर सुमारे १.९ ते २.०५ मायक्रॉन, होल्मियम घातले तर २.१ च्या आसपास. ही दोन्ही मूलद्रव्ये स्वीडनच्या पेर तेओदोर क्लेव्ह यांनी १८७९ मध्ये शोधली. होल्मियमला स्टॉकहोमचे लॅटिन नाव मिळाले आणि थुलियमला उत्तरेच्या टोकावरील ‘थुले’ या पुराणकालीन भूमीचे. मी इतिहासाचा एम. ए. असल्यामुळे अशा नावांशी थोडा रेंगाळतो, त्याची श्रोत्यांनी क्षमा करावी.

थुलियमच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. त्याला ०.७९ मायक्रॉनच्या डायोडने ऊर्जा देतात आणि त्याच्याकडून २ मायक्रॉनचा प्रकाश घेतात. लांब तरंगाच्या प्रकाशकणात ऊर्जा कमी असते. त्यामुळे एक कण देऊन एक घ्यावयाचा तर शंभरातील चाळीसच भाग पदरी पडावयास हवेत, बाकीचे उष्णतेत जावेत. पण थुलियमचे अणू काचेत पुरेसे जवळ असले तर ऊर्जा मिळालेला अणू तिच्यातला अर्धा भाग रिकाम्या शेजाऱ्याला देतो, आणि मग दोघेही एकेक कण सोडतात. एकाला दोन! तत्त्वतः मर्यादा ऐंशीपर्यंत जाते. प्रत्यक्षातही अर्ध्याहून अधिक प्रकाश हाती येतो. या गुणामुळेच थुलियमच्या फायबर लेसरने २०१० मध्ये १ किलोवॅटची मजल गाठली.

याचा उत्तम उपयोग कोठे होतो, असे मला कोणी विचारले तर मी दोन पारदर्शक प्लास्टिके सांधण्याचे काम पुढे करीन. रुग्णालयात लागणाऱ्या नळ्या, गाळण्या, औषधाच्या कुप्या, रक्ताच्या एका थेंबावर तपासणी करण्यासाठी बनविलेल्या छोट्या पट्ट्या, या वस्तू आपण वापरतो आणि टाकून देतो. त्यांचे सांधे कसे झाले असतील याचा विचार करीत नाही. तपासणीच्या पट्टीत केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्या कोरलेल्या असतात आणि त्यांवर पारदर्शक झाकण बसवावे लागते. गोंद वापरावा तर तो वाहिनीत उतरून तिला बुजवितो, शिवाय त्यातील द्रव्ये रक्तात मिसळण्याचे भय. तापलेल्या पट्टीने दाबावे तर वाहिनीच वितळून बसते. १ मायक्रॉनच्या लेसरने सांधावयाचे तर एक अडचण येते : दोन्ही थर पारदर्शक, प्रकाश थांबणार कोठे? म्हणून खालच्या थरात काजळी मिसळण्याची रीत पडली. वरच्या थरातून प्रकाश जातो, काजळीवर थांबतो, तेथे उष्णता होऊन दोन्ही थर वितळून एकजीव होतात. रीत चांगली, पण काळ्या तळाच्या पट्टीत रक्ताचा बदललेला रंग खालून प्रकाश देऊन पाहावयाचा कसा?

१०.६ मायक्रॉनचा प्रकाश याच्या उलट फसतो. प्लास्टिक तो वरच्या वरच गिळून टाकते. वरचा पृष्ठभाग जळू लागला तरी आतल्या सांध्याला पत्ता नसतो.

२ मायक्रॉनचा प्रकाश या दोहोंच्या मध्ये बसतो. प्लास्टिकच्या रेणूंची मूळ लय ३.४ वर असली तरी तिचे फिकट पडसाद २ मायक्रॉनच्या आसपास उमटतात. त्यामुळे पारदर्शक प्लास्टिक हा प्रकाश थोडासा गिळते आणि बाकीचा आत जाऊ देते. आता भिंगाने किरण असा एकवटावयाचा की त्याचा सर्वांत निमुळता बिंदू बरोबर दोन थरांच्या मिलनरेषेवर पडेल. वरच्या पृष्ठभागावर किरण रुंद, म्हणून झळ कमी. सांध्यापाशी अरुंद, म्हणून तेथेच द्रव्य वितळते. दोन्ही थर बाहेरून घट्ट दाबून धरलेले असले म्हणजे वितळलेले द्रव्य परस्परांत मिसळते, आणि किरण पुढे सरकताच थिजते. काजळी नको, गोंद नको, रंग नको. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पॉलिप्रोपिलीन यांवर हे काम होते. यास लागणारी शक्ती पत्रा कापण्याच्या यंत्राच्या मानाने क्षुल्लक असते, काही दहा वॅट. येथे वॅट वाढवीत गेल्यास सांधा सुधारत नाही; त्यात बुडबुडे येतात.

सिलिकॉनची गोष्ट आणखी वेगळी. डोळ्यांना तो आरशासारखा अपारदर्शक दिसतो, परंतु सुमारे १.१ मायक्रॉनच्या पलीकडे तो काचेसारखा पारदर्शक होतो. म्हणजे २ मायक्रॉनच्या किरणाला सिलिकॉनची चकती ही खिडकी आहे. चकतीला पुढून धक्का न लावता तिच्या पाठीवरचा धातूचा थर काढणे, पोटात खुणा करणे, असे प्रयोग यामुळे शक्य झाले. अद्याप हे क्षेत्र प्रयोगशाळेचे अधिक आणि कारखान्याचे कमी आहे, आणि याविषयीच्या जाहिराती त्या प्रमाणातच वाचाव्यात.

शरीरातील दगडही एक पदार्थच होय. मुतखडा फोडण्यासाठी १.९४ मायक्रॉनचा थुलियम फायबर लेसर आता वापरात आला आहे. पूर्वीपासून चालत आलेला होल्मियमचा स्फटिक-लेसर २.१ मायक्रॉनच्या आसपासचा. त्याच्यापेक्षा हा प्रकाश पाणी सुमारे चौपट अधिक गिळते. शिवाय तंतूतून निघणारा किरण मुळातच बारीक असल्याने तो अधिक बारीक तंतूतून आत नेता येतो, आणि त्या अरुंद वाटेत पाण्याच्या प्रवाहाला जागा उरते. दगडाचे मोठे तुकडे होण्याऐवजी पुष्कळसा भुगा होतो.

परंतु ज्याला एक नवे अवजार मिळाले त्याने जुनी सारी मोडीत काढू नयेत. धातूच्या कामात मध्य-अवरक्ताचा काही लाभ नाही. तरंगलांबी वाढत जाते तसा धातू प्रकाश अधिकच परतवितो, म्हणून पोलादाला १ मायक्रॉन बरा, आणि तांब्याला तर हिरवा किंवा निळा प्रकाश अधिक मानवतो. शिवाय किरण जितका लांब तरंगाचा तितका त्याचा एकवटलेला ठिपका मोठा. २ मायक्रॉनचा ठिपका १ मायक्रॉनच्या दुप्पट आणि १०.६ च्या एक-पंचमांश, असा साधारण हिशेब धरावा. ज्याला अत्यंत बारीक रेघ हवी आणि ज्याचा पदार्थ दोन्ही प्रकाश गिळतो, त्याने लहान तरंगाकडेच जावे.

आता ३ मायक्रॉनच्या पलीकडची वाट. रेणूंची खरी, जोरकस लय तेथे आहे. तेथे पातळ प्लास्टिकचा पापुद्रा शेजारच्या थराला न दुखविता अलगद काढता येईल. मग उशीर कशाचा? पेटत्या चुलीसमोर काच धरून पाहा. जाळ दिसतो, पण चेहऱ्यावरची धग पुष्कळ कमी होते. काच उजेड सोडते, धग अडविते. वाळूपासून केलेल्या शुद्धातल्या शुद्ध काचेचा तंतूही अडीच मायक्रॉनच्या पलीकडे निरुपयोगी ठरतो. म्हणजे काचच दुसरी हवी.

ती १९७४ मध्ये फ्रान्समधील रेन येथील विद्यापीठात मिळाली, आणि अनपेक्षितपणे मिळाली. मिशेल व मार्सेल पुलँ आणि झाक लुका हे संशोधक झिर्कोनियम फ्लुओराइडच्या संयुगांवर काम करीत असता स्फटिकाऐवजी काच हाती आली. तिच्यापासून पुढे निघालेल्या प्रसिद्ध जातीत झिर्कोनियम, बेरियम, लँथेनम, ॲल्युमिनियम व सोडियम यांची फ्लुओराइडे असतात. ही काच सुमारे ४ मायक्रॉनपर्यंत प्रकाश वाहते. एर्बियम मिसळलेल्या अशा तंतूपासून कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २.८ मायक्रॉनवर ४० वॅटहून अधिक शक्ती काढली. डिस्प्रोझियम घालून ३ च्याही पुढे जाता येते.

पण या काचेचा स्वभाव हळवा आहे. वाळूपासून केलेली शुद्ध काच हजार अंशांनाही दाद देत नाही. ही अडीचशेच्या थोडे वरच मऊ पडू लागते. एर्बियमला दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश, कधी त्याहूनही अधिक, उष्णता होऊन त्याच मऊ तंतूत राहते. तंतू ओढताना तिच्यात स्फटिकांचे कण धरतात. ते टाळावे म्हणून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात, जेथे वजन जाणवत नाही, हा तंतू ओढून पाहण्यात आला, आणि २०२४ मध्ये तेथे ११ किलोमीटरांहून अधिक तंतू निघाला. सर्वांत मोठा शत्रू मात्र ओलावा. हवेतील बाष्प तंतूच्या उघड्या टोकात मुरते, ते नेमका २.८ मायक्रॉनचा प्रकाश गिळते, टोक तापते, तापल्याने अधिक बाष्प मुरते, आणि अखेर टोक जळते. म्हणून टोकावर दुसऱ्या, पाण्याला दाद न देणाऱ्या काचेची टोपी वितळवून बसवितात. हवेतून जाणारा किरणही बाष्पाने क्षीण होतो. कोरड्या थंड देशातल्या प्रयोगशाळेत मिळालेले आकडे जुलैच्या मुंबईत मिळतील असे धरून चालू नये. किरणाच्या वाटेत कोरडा नायट्रोजन सोडण्याची व्यवस्था खर्चाच्या अंदाजात आधीच असावी.

आपल्या देशात या विषयाची पाटी कोरी नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत थुलियमच्या तंतूंवर काम झालेले आहे. प्रयोगशाळेतले काम लहान कारखानदारापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आमच्यासारख्यांच्या नस्ती असतात. तेथे मागणीपत्रातच पदार्थाचे नाव, जाडी, पारदर्शकता आणि हव्या त्या तरंगलांबीचा पट्टा लिहून आला, आणि निविदेपूर्वी नमुन्याचा तुकडा प्रत्यक्ष यंत्राखाली धरून पाहण्याची अट घातली, तर सर्वांत स्वस्त यंत्र आणि सर्वांत योग्य यंत्र यांतला वाद कागदावर येण्याआधीच बराच मिटतो. नमुन्याच्या चाचणीला एक दिवस लागतो. चुकलेली खरेदी परत फिरविण्यास किती लागतो ते मी येथे सांगत नाही.

एक गोष्ट यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसासाठी सांगितली पाहिजे. १ मायक्रॉनचा अदृश्य किरण डोळ्याच्या भिंगातून थेट आतल्या पडद्यावर एकवटतो आणि कायमचे आंधळेपण देऊ शकतो. २ मायक्रॉनचा किरण डोळ्यातील पाणीच वाटेत गिळते, म्हणून तो पडद्यापर्यंत पोहोचत नाही. यावरून विक्रेते त्याला ‘डोळ्यांना सुरक्षित’ असे म्हणतात. पण काही दहा वॅटचा किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि हाताची कातडी खुशाल भाजतो. तो दिसत नाही, आणि झळ लागेपर्यंत कळतही नाही. एका यंत्राचा चष्मा दुसऱ्या यंत्राला चालत नाही. १ मायक्रॉन अडविणारी काच २ मायक्रॉन अडवीलच असे नाही. चष्म्याच्या कडेवर तरंगलांबीचे आकडे छापलेले असतात. ते यंत्रावरच्या पट्टीशी ताडून पाहिल्यावाचून कोणाही शिकाऊ मुलाला बटणापाशी उभे करू नये.